खरात हवालदारांची गळती

वडील वारल्यावर पंधरा वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी साडेअकराला, रोहिणी खरातने त्यांना पुन्हा विचारताना ऐकलं, "आधी पाणी घेता का, ताई?"

प्रश्न तिला नव्हता. समोरच्या पडद्यावर गडहिंग्लजच्या एका सिस्टरबाईंचा वर्ग चालू होता आणि रोहिणी साताऱ्यातल्या संस्थेत बसून कानाला यंत्र लावून तो नुसता ऐकत होती. तरी तिचा हात आपोआप टेबलावरच्या तांब्याकडे गेला. बावन्न वर्षांची, डोक्यावर निम्मे केस पांढरे झालेली बाई, पण बापाचा आवाज कानावर पडला की वय कुठल्या कुठे पळतं.

त्या यंत्रणेचं नाव 'उजळणी'. तिच्यामागचं शास्त्र फारसं अवघड नाही. कुणाला जातीवरून मारलं, कुणाचं दुकान धर्मावरून जाळलं, अशा द्वेषातून झालेल्या गुन्ह्यात पहिला तास मोलाचा असतो. त्या तासात समोर बसणारा पोलीस असो, दवाखान्यातली सिस्टर असो की शाळेचा मुख्याध्यापक, त्याच्या वागण्यावर पुढचं सगळं ठरतं. सांगणाऱ्याच्या मनात समजा पन्नास तपशील असतात. तो तीस सांगतो, ऐकणारा वीस ऐकतो आणि बारा लिहितो. वाटेत किती गळलं हे मोजायची सोय नव्हती, कारण खऱ्या माणसाच्या मनात मुळात काय होतं ते कुणी पाहिलंय?

उजळणीने पीडित माणूसच तयार केला. त्याच्या आठवणीत पन्नास तपशील आधीच ठेवलेले असत. काही तो लगेच सांगे, काही विश्वास बसल्यावर, आणि काही तर समोरचा थोडा वेळ गप्प राहिल्याशिवाय सांगतच नसे. शिकणारा घरी बसून त्याचा जबाब घेई. शेवटी जबाब आणि मूळ पन्नास तपशील शेजारी ठेवले की गळती टक्क्यांत कळे. एके काळी सगळं कॅमेऱ्यावर घ्यायची टूम निघाली होती, पण कॅमेरा लावला की माणसं गोठतात हे चार-पाच वर्षांत कळलं, आणि पहिली नोंद माणसाने माणसासमोर बसून हातानेच घ्यावी असा नियम परत आला. फिरून फिरून भोपळे चौकात म्हणतात ते असं.

आता शिकवायचं कुणी? यंत्राने जुन्या दप्तरखान्यांतले साठ हजार जबाब वाचले, कोर्टात पुढे जे जे सिद्ध झालं त्याच्याशी ताडून पाहिले आणि सगळ्यांत कमी गळतीचं एक अक्षर शोधून काढलं. त्याला नाव दिलं 'लेखक क्रमांक सतरा'. रोहिणीने तो कागद पाहिला मात्र, तिने अक्षर ओळखलं. याच अक्षरात तिच्या प्रगतिपुस्तकावर आठ वर्षं सही झाली होती. एकनाथ खरात, हवालदार, तालुक्याच्या ठाण्याचे रायटर, म्हणजे फिर्यादी-जबाब लिहून घेणारे.

पोलीस लाइनीतल्या दोन खोल्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. रविवारी सकाळी बाबा बकलं घासत बसत, रेडिओ लागलेला असे, आणि आई चुलतघराण्यातली सगळी भांडणं पहिल्यापासून सांगत असे. बाबा एकही शब्द न सोडता ऐकत. ठाण्यातही त्यांची रीत तीच. आधी पाणी, मग नाव, मग बाकीचं. सांगणारा मध्येच गप्प झाला, की ते घाई करत नसत. दौत काढत आणि पेनात शाई भरायला घेत. पेन भरलेलंच असायचं. "शाई भरायला वेळ लागतो," असं ते म्हणत, आणि तेवढ्यात समोरचा माणूस स्वतःहून बोलायला लागे.

एका जुन्या अधिकाऱ्याने त्यांना नव्या शिपायांपुढे शिकवायला उभं केलं होतं, त्या शिकवण्याच्या बारा कॅसेटी निघाल्या. त्यातून आवाज मिळाला, जबाबांतून रीत मिळाली, आणि 'खरातकाका' तयार झाले. आता चाचणीसाठी निवडलेले शिकाऊ लोक जबाब घेताना कुठे अडले की कानात काका हळूच म्हणत, "शाई भर, बाळा." ज्यांनी जन्मात दौत पाहिली नव्हती ती पोरंसुद्धा एकमेकांना "शाई भर" म्हणू लागली.

रोहिणी संस्थेत प्रशिक्षणाचा परिणाम तपासणारी मुख्य संशोधक होती. खरं तर तिने त्रयस्थ राहायचं. पण रोज दुपारी डबा खाताना ती एखादा वर्ग लावून ठेवायची आणि बाबांबरोबर जेवायची. यात काय वावगं होतं? तिला तरी तेव्हा काही वाटलं नाही.

त्याच आठवड्यात जोसेफ वाघमारे तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. जोसेफ संस्थेचा संख्याशास्त्रज्ञ, नगरकडचा, मितभाषी. आनंदाची बातमीसुद्धा तो शोकसभेतल्यासारखी सांगे.

"रोहिणीताई, चारशे बारा जणांचे निकाल आले. गळती बेचाळीस टक्क्यांवरून अकरावर आली."

"अरे, मग पेढे आण की!"

"आणतो. पण एक जागा बघा." त्याने तक्ता पुढे केला. "घटनेची वेळ, जागा, कोण कोण हजर होतं, कुठे मार लागला, सगळ्यात आपले लोक पुढे. एकाच गोष्टीत, न शिकलेल्यांपेक्षाही मागे आहेत."

"कशात?"

"शिवीत. मारणारा काय बोलला ते नेमके शब्द. आपले शिकलेले लोक ते लिहीतच नाहीत. 'जातीवाचक शिवीगाळ केली', 'धर्मावरून अपशब्द वापरले', संपलं. चारशे बारापैकी तीनशे नव्वद."

रोहिणी जरा हसली. "सभ्य लोक आहेत."

"असतील," जोसेफ म्हणाला. "पण गुन्हा द्वेषातून झाला हे कोर्टात सिद्ध करायला ते शब्दच लागतात. हे कुणी शिकवलं नाही त्यांना, तरी सगळ्यांनी एकसारखं उचललंय. एकसारखी चूक असली, तर ती गुरूची असते, ताई."

तिला राग आला. बापाबद्दल कुणी असं बोललं की लेकीला येतो तसाच. पण जोसेफचे आकडे कधी चुकत नसत, हेही तिला माहीत होतं. तो गेल्यावर तिने लेखक क्रमांक सतराचे जबाब काढले आणि एकेक वाचायला घेतले. किती सुंदर जबाब! रडणाऱ्या माणसाच्या पायात चप्पल होती की नव्हती इथपर्यंत लिहिलेलं. आणि एकूण एक जबाबात, जिथे शिवी यायची तिथे ते गुळगुळीत सरकारी शब्द. बाबांच्या तोंडून आयुष्यात शिवी आली नव्हती. लाइनीत त्याचं कौतुक होतं. हातूनही येत नव्हती, हे आज कळत होतं.

बहुतेक प्रकरणं इतर पुराव्यांवर निभावून गेली होती. एकच गेलं नव्हतं. सन दोन हजार सहा, गाव चिंचमळा, फिर्यादी गजराबाई लोखंडे, वय अठ्ठावीस. शाळेत खिचडी शिजवायला तिला नेमलं, म्हणून गावातल्या एका बड्या माणसाने चुलीवरचं पातेलं लाथेने उलथवलं, तिचा पाय भाजला. निकालपत्रातलं वाक्य रोहिणीने दोनदा वाचलं. आरोपीने नेमके कोणते शब्द उच्चारले हे फिर्यादीत नमूद नाही, सबब संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.

निकालाची तारीख पाहून तिला तो दिवस आठवला. ती सतरा वर्षांची होती. बाबा कोर्टातून आले आणि ताटावर नुसते बसून राहिले. आईने विचारलं तर म्हणाले, "काही नाही, ऊन लागलं." तेव्हा पौष महिना होता.

शनिवारी रोहिणी चिंचमळ्याला गेली. गजराबाई आता सहासष्ट वर्षांच्या होत्या. अंगणात वाल निवडत बसल्या होत्या. डावा पाय पुढे पसरलेला, घोट्यापासून वर कातडी चकाकत होती.

"मावशी, मी खरात हवालदारांची मुलगी."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं आणि तिचा हात धरून खाली बसवलं. "रायटरसायबांची व्हय! देवमाणूस गं तुझा बाप. मला खुर्ची दिली त्येनी. ठाण्यात आमच्यावाल्यांस्नी खुर्ची? पयलं पाणी दिलं, मग नाव पुसलं. गजराबाई म्हनले. नुसतं गजरे न्हाई."

रोहिणीचे डोळे भरून आले. हेच ऐकायला आपण आलो होतो, हे तिला कळलं आणि आपलीच लाज वाटली. तिने सरळ विचारलं, "मावशी, तो माणूस तुम्हाला जे बोलला, ते जबाबात का नाही आलं?"

गजराबाईंनी थोडा वेळ वालाच्या शेंगा इकडच्या तिकडे केल्या. "सासरं होतं की माझं शेजारी बसल्यालं. मामंजी. नवरा ममईला कामाला, मग मला ठाण्यात कोन न्हेनार? त्येनीच आनलं. आता सासऱ्याम्होरं तसलं घान कसं वं काढू तोंडातनं? बाईच्या अंगाची नावं होती त्यात. म्या म्हनलं, त्यो मला बोलला, आन् गप बसले. तुझा बाप माझ्याकडं बगितला, सासऱ्याकडं बगितला. त्येला समदं कळलं हुतं."

"मग?"

"मग काय? म्हाताऱ्या मानसाला 'जरा भाईर बसा' म्हनायला त्येची जीभ रेटली न्हाई. मोठ्या मानसाचा मान. त्येनी आपलं शाई भरली, म्या काय बोलले न्हाई, आन् त्येनी सरकारी शबुद लिवून टाकला. मला तवा बरं वाटलं. सुटले म्हनलं." ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "चांगुलपनानं केलं गं त्येनी. पर त्या चांगुलपनानं माझं वाटुळं झालं. त्यो सुटला, आन् पुढची वीस वरसं माझ्या दारावरनं मिशीला पीळ देत गेला. खिचडीचं काम गेलं ते गेलंच."

रोहिणीने वही मांडीवर उघडली. मग तिने उजळणीबद्दल सांगितलं. यंत्रातला आवाज, चारशे बारा माणसं, आणि त्यांतली तीनशे नव्वद तीच चूक कशी करतात ते.

"म्हंजी मेल्यावर बी करतोय व्हय त्यो तसंच?" गजराबाई हसल्या, पण ते हसणं फार टिकलं नाही. "मग आता तरी लिव्ह. मामंजी न्हाईत आता. ऐक." आणि त्यांनी ते शब्द सांगितले. एकामागून एक, स्वच्छ, अडतीस वर्षं पाठ असलेले. ते मी इथे छापत नाही. ते जिथे लिहायला हवेत तिथे लिहिले गेलेत.

सांगून झाल्यावर म्हातारीने रोहिणीच्या मांडीवरच्या वहीत डोकावून पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण कोरं पान कळत होतं.

"तू बी बापावानीच," त्या म्हणाल्या. "लिव्ह की."

रोहिणीचे कान लाल झाले. ती संशोधक होती, तिने या विषयावर चार प्रबंध लिहिले होते, आणि तिचं पेन हवेत थांबलेलं होतं. तिने खाली मान घालून ते शब्द लिहिले. हात घाणीत घातल्यासारखं वाटलं, आणि मग एकदम वाटलं की ही घाण या बाईने एकटीने इतकी वर्षं सांभाळली.

निघताना ती म्हणाली, "तुमची हकिगत आम्ही शिकवायला वापरली तर चालेल? नाव अर्थात बदलू."

"नाव कशाला बदलता?" गजराबाई ताडकन म्हणाल्या. "शबुद घालीवलं, आता नाव बी घालीवताय व्हय? गजराबाई लोखंडे लिवा. चिंचमळा लिवा."

सोमवारी संस्थेच्या संचालक पद्मजा इनामदार यांनी सगळं ऐकून घेतलं. बाई कर्तबगार होत्या, वाईट नव्हत्या. पुढच्या महिन्यात उजळणी राज्यभर लागू व्हायची होती आणि एक लाख लोक खरातकाकांकडून शिकणार होते.

"उपाय सोपा आहे, रोहिणी," त्या म्हणाल्या. "काकांना दुरुस्त करू. नातेवाइकांना बाहेर बसवायचं आणि नेमके शब्द विचारायचे, एवढं त्यांच्यात घालू. दिवंगताच्या आवाजात बदल करायला वारसाची सही लागते. वारस तूच. सही केलीस की झालं."

"आणि नाही केली तर?"

"सदोष गुरू ठेवता येणार नाही मला. आवाज काढून टाकावा लागेल. कायदा तुला माहीत आहे. मंजूर काम संपलं की तीस दिवसांत आवाज पुसायचा. प्रत ठेवता येत नाही, वारसालासुद्धा नाही."

कॅसेटींची फीत तर आवाज उतरवून घेतानाच तुटून गेली होती. म्हणजे पुसला की पुसलाच. दुपारच्या डब्याला पुन्हा कुणी नाही.

सहीचा कागद रोहिणीने दोन दिवस पर्समध्ये वागवला. सही करावीशी वाटत होती. कुणाचं काय बिघडत होतं? बाबा अधिक चांगले झाले असते, एक लाख लोक नीट शिकले असते, आणि आवाज राहिला असता. पण मग चिंचमळ्याच्या गजराबाईंना ज्या माणसाने खुर्ची दिली आणि ज्याने त्यांचे शब्द गाळले, तो एकच माणूस होता, हे जगात कुणालाच कळलं नसतं. बाबांनी कधी कुणाचा जबाब नंतर सुधारून ठेवला नव्हता. खाडाखोड झाली तर तिथे सही करत, खालचं अक्षर दिसू देत.

तिसऱ्या दिवशी तिने कागद कोराच परत केला.

"मॅडम, बाबा आहेत तसेच राहू द्या," ती म्हणाली. "गुरू म्हणून नको. धडा म्हणून. गजराबाईंचा जबाब बाबा घेताहेत, आणि शिकणारा त्यांचा वरिष्ठ म्हणून शेजारी बसलाय. बाबा पाणी देतील, नाव विचारतील, सगळं उत्तम करतील, आणि मग चुकतील. ती चूक शिकणाऱ्याने पकडायची. त्यांना थांबवायचं. थांबवलं नाही तर शिकणारा नापास."

इनामदारबाईंनी चष्मा काढला. "रोहिणी, रोज शंभर ठिकाणी तुझे वडील चुकताना दिसतील. लोक त्यांना टोकतील. चालेल तुला?"

"नाही चालणार," रोहिणी म्हणाली. "पण करा."

समितीने एका अटीवर होकार दिला. पहिली चाचणी यशस्वी झाली पाहिजे. जोसेफने महिनाभर खपून धडा बांधला, आणि पहिली शिकाऊ म्हणून रोहिणीच बसली.

"एक सांगतो," जोसेफ तिच्या डोळ्यांवर पट्टा चढवत म्हणाला. "कुणी टोकल्यावर ते काय करतील, मला माहीत नाही. तसा प्रसंग ना कॅसेटीत आहे ना जबाबात. यंत्र त्यांच्या स्वभावावरून काय ते ठरवेल. मी काही घातलेलं नाही."

पट्ट्याच्या आत ठाणं उभं राहिलं. भिंतीला तोच पिवळट रंग, पंख्याचा तोच खडखडाट. खुर्चीवर अठ्ठावीस वर्षांची गजराबाई, लुगड्यावर खिचडीचे डाग. बाकावर मुंडासं बांधलेला म्हातारा, हातातल्या काठीवर हनुवटी टेकून. आणि टेबलामागे बाबा, एक्कावन्न वर्षांचे, म्हणजे तिच्यापेक्षा एका वर्षाने लहान. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आधी पाणी घेता का, ताई?"

सगळं रीतसर झालं. मग गजराबाई म्हणाली, "त्यो मला बोलला..." आणि सासऱ्याकडे बघून गप्प झाली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. दौत काढली, शाई भरली, दौत झाकली. आणि पेन कागदाला टेकवलं.

आता बोलायचं होतं. बाबा लिहीत असताना घरात कुणी बोलत नसे. आई भांडंसुद्धा वाजू देत नसे. कागदावर 'जाती' ही अक्षरं उमटली. बाबांचं ते गोल, देखणं अक्षर. लिहू दे, तिला वाटलं. एवढं एक ओळभर लिहू दे त्यांना, मग पुढच्या वेळी टोकू. मग खुर्चीवरच्या बाईच्या खांद्यांकडे तिचं लक्ष गेलं. ते सैल पडत होते. सुटले म्हणून.

"थांबा," ती म्हणाली. आवाज फुटका आला. "हवालदार, थांबा. आजोबांना बाहेर बसवा, आणि बाईंना नेमके शब्द विचारा. जसेच्या तसे लिहायचे."

पेन थांबलं. बाबांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत. लेकीकडे नव्हे, वरिष्ठांकडे पाहावं तसं पाहत होते. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, लगेच काढलं, आणि उठून बाकापाशी गेले. म्हाताऱ्यापुढे वाकले.

"आबा, हितं फार उकडतंय. चला, लिंबाखाली बसू. मी येतो तुमच्याबरोबर. मला जरा शेतीचं विचारायचंय."

म्हातारा काठी टेकत उठला. त्याला दंडाला धरून बाबा दाराशी पोचले, तिथून मागे वळले आणि पेन रोहिणीपुढे धरलं.

"बाईमाणसाचं बाईमाणसानंच लिहावं, मॅडम. मला हे आधी सुचाय पाहिजे होतं."

तिने पेन घेतलं. दार लागलं. बाहेर लिंबाखालून दोघांचं बोलणं अस्पष्ट ऐकू येऊ लागलं. ज्वारी, पाऊस, विहिरीचं पाणी. बाबा काहीतरी बोलून हसले. असं मोकळं हसणं तिने लाइनीतल्या रविवारांनंतर ऐकलंच नव्हतं. दाराला कान लावावा, इतकं जवळ होतं ते.

"त्यो मला..." गजराबाईने तोंड उघडलं आणि दाराकडे बघून पुन्हा थांबली.

रोहिणीने खुर्ची पुढे ओढली आणि दाराकडे पाठ करून बसली.

"हं," ती म्हणाली, "सांगा. मी ऐकतेय."